बारा पॉइंट एक

परवा आमच्याकडे इन्व्हर्टरवाला आला. दारातच चपला काढता काढता म्हणाला, "सर, बॅटरी गेली. नवीन टाकू." अजून त्याने इन्व्हर्टरचं झाकणही उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी मोज." तो माझ्याकडे बघत राहिला. आमची ही आतून हसली, कारण हे वाक्य मी कुठून शिकलो ते तिला ठाऊक आहे. तुम्हालाही सांगायचं राहूनच गेलं होतं, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

गोष्ट सप्टेंबर २०२३ ची. आम्ही दोघं चिरंजीवांकडे अमेरिकेत, मिनेसोटात गेलो होतो. तिथल्या मुक्कामात आईवडिलांचं काय होतं हे इथले बरेच वाचक अनुभवाने जाणतात. खायला-प्यायला उत्तम, माणसं प्रेमाची, पण आपला उपयोग काय हा प्रश्न रोज दुपारी दोनच्या सुमारास येऊन समोर बसतो. हिला स्वयंपाकघर तरी होतं. मी डिशवॉशर लावायला गेलो तर सूनबाई हळूच तो परत लावायची. मी बघत नाही असं समजून.

चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. १९९८ सालचं. आत ओटा, गॅस, फ्रिज, न्हाणीघर, दोन पलंग, आणि जेवायच्या टेबलाचा रात्री तिसरा पलंग. आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीपेक्षा सोय जास्त, जागा थोडी कमी. हे घर घेऊन आम्ही दहा दिवस साउथ डकोटा राज्यात हिंडायचं ठरलं होतं. आम्ही दोघं, चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांची नात.

आता या घरातल्या विजेची थोडी माहिती द्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. (मास्तरकी सुटत नाही, सांभाळून घ्या.) ट्रेलरमध्ये दोन विजा नांदतात. एक तिकडच्या घरातली, १२० व्होल्टची. कॅम्पच्या जागी एक खांब असतो, त्याला जाड वायर जोडली की मायक्रोवेव्ह, एसी, भिंतीतले प्लग यांना ही वीज मिळते. दुसरी १२ व्होल्टची, बॅटरीची. आतले दिवे, पाण्याचा पंप, गॅसवर चालणाऱ्या हीटरचा म्हणजे फर्नेसचा पंखा, गॅसगळतीचा भोंगा, फ्रिजचा मेंदू, हे सगळं बॅटरीवर. फ्रिज थंड होतो तो गॅसवर किंवा १२० वर, पण कधी काय करायचं हे ठरवणारी त्याची पट्टी मात्र १२ वर. या दोन विजांच्या मध्ये एक डबा असतो, कन्व्हर्टर. खांबावरची वीज घ्यायची, तिची १२ व्होल्टची करायची, दिवे चालवायचे आणि बॅटरीही भरत ठेवायची, हे त्याचं काम. म्हणजे वायर खांबाला जोडलेली असली की बॅटरी उतरण्याचं कारणच नाही.

निघायच्या आधी चिरंजीवांनी गॅरेजमध्ये बॅटरीला वेगळा चार्जर लावून ती भरून घेतली. म्हणाला, "ही बॅटरी जरा कमकुवतच निघाली, बाबा. मार्चमध्ये नवी घातली, पण जुलैत दोन रात्रींतच बसली." मी 'हं' म्हटलं.

मला मात्र त्या गॅरेजच्या खणात एक मल्टिमीटर सापडला. २००५-०६ च्या सुमारास आपल्याकडे भारनियमनाचा कहर होता तेव्हा मी घरी इन्व्हर्टर घेतला होता, तेव्हापासून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं आणि मीटर लावून बघणं हे काम माझं. त्याआधी माझी विद्या म्हणजे ट्रान्झिस्टरचे सेल गच्चीवर उन्हात वाळवणं एवढीच! तर नातीला मी व्होल्ट म्हणजे काय ते शिकवायचं आणि तिने मला इंग्रजी उच्चार शिकवायचे असा आमचा करार झाला. एका वहीत आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचो. हजेरीपटासारखी वही. तारीख, वेळ, व्होल्ट, शेरा.

निघताना १२.७. पूर्ण भरलेली आणि जरा निवांत ठेवलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते. १२.२ च्या आसपास आली की निम्मी संपली समजा. आणि ११.९ च्या खाली गेली की तिच्यात राम नाही. केवढ्याशा आकड्यांत केवढा फरक! परीक्षेत शंभरपैकी सहाचा फरक कुणी मोजत नाही, इथे अर्ध्या व्होल्टात नापास.

पहिली रात्र मिसुरी नदीच्या काठी चेंबरलेन गावाजवळ काढली. खांब नव्हता. सकाळी १२.४. दिवसभर गाडी चालली, तिच्याकडून बॅटरीला थोडी वीज येते, पण ती वायर बारीक आणि लांब. संध्याकाळी बॅडलँड्स नॅशनल पार्कला पोचलो तेव्हा १२.५. तिथे सीडर पासच्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेचा खांब मिळाला. वायर जोडली. सूनबाईंनी मायक्रोवेव्हमध्ये पोळ्या गरम केल्या. सगळं झकास.

बॅडलँड्सबद्दल लिहायला वेगळा लेख हवा. मातीचे कडे, त्यांत गुलाबी-पिवळे थर, आणि खाली क्षितिजापर्यंत गवत. हिने एवढंच म्हटलं, "देवाने करायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं." असो.

सकाळी मीटर लावला, १२.२. दिवसभर आम्ही भटकलो, ट्रेलर खांबाला जोडलेला, आत कुणी नाही. संध्याकाळी परत येऊन लावला. बारा पॉइंट एक.

नातीने आकडा लिहिला आणि पेन्सिल चावत म्हणाली, "आजोबा, चार्ज होताना आकडा वर जायला हवा ना?"

पोरीने नेमकं धरलं. घरच्या इन्व्हर्टरचा माझा अनुभव असा, की लाइट आली आणि चार्जिंग सुरू झालं की मीटर तेराच्या वर जातो. इथे चोवीस तास वायर जोडलेली आणि आकडा खाली चाललेला. म्हणजे बॅटरी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. तिला कुणी जेवायलाच वाढत नव्हतं.

मी चिरंजीवांना म्हटलं, "अरे, बॅटरीत काही येतच नाहीये."

"बाबा, प्लग लावलाय. मायक्रोवेव्ह चालतोय ना?"

"तो १२० वर चालतो."

"बाबा, मला माहितीये." स्वर साधाच होता, पण दार लागल्याचा आवाज मला आला. मी गप्प बसलो.

त्या रात्री वारा सुटला. ट्रेलर पाळण्यासारखा हलत होता. दोनच्या सुमाराला मी गारठून जागा झालो. फर्नेसचा पंखा चालू होता आणि गार हवा फेकत होता. याचं कारण मला नंतर कळलं. त्या फर्नेसमध्ये वाऱ्याने ढकललं जाणारं एक पातं असतं. पंखा पुरेशा जोराने फिरला तरच ते पातं ढकललं जातं आणि मगच गॅस पेटतो. पंखा मंद, तर पातं हलत नाही, गॅस पेटत नाही. सुरक्षेसाठीच केलंय. पण पंखा बिचारा फिरतच राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही खातो. मी बॅटरीच्या उजेडात, म्हणजे हातातल्या बॅटरीच्या, मीटर लावला. पंखा चालू असताना १०.४.

फ्रिजवरचा दिवाही लाल झाला होता. त्यात हिच्या इन्सुलिनची तीन पेनं. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण न उघडलेली थंडाव्यात लागतात, आणि गोठूनही चालत नाहीत. सूनबाई उठली, एका शब्दानेही कुरकुर न करता पेनं रुमालात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवली, बर्फाला टेकणार नाहीत अशी. हिला दोन रजया दिल्या. चिरंजीव अंधारात पलंगावर बसून होता. "उद्या रॅपिड सिटीत नवी बॅटरी घेतो," एवढंच म्हणाला.

आणि घेतली. एकशेतीस डॉलर. मी शेजारी उभा होतो.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला कळलं होतं ना, मग बोलला का नाहीत? हेच सांगायला एवढी लांबण लावली.

ट्रेलरमध्ये एक जाडजूड फाइल होती. आधीच्या मालकाची. तोही माझ्यासारखाच निवृत्त गृहस्थ असावा. प्रत्येक यंत्राचं माहितीपत्रक भोकं पाडून लावलेलं, आणि मध्ये मध्ये रेघांच्या कागदावर त्याच्या हाताने लिहिलेल्या सूचना. अक्षर वळणदार. चिरंजीवांनी ती फाइल कधी उघडली नव्हती. आजकाल सगळं फोनवर बघतात. मला तिथे वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली होती, कादंबरी वाचावी तशी. दिवसाला वीस पानं.

बॅटरी विकत घेण्याच्या आदल्याच संध्याकाळी, वारा सुटायच्या आधी, मी त्या पानावर आलो होतो. वर मोठ्या अक्षरात त्याने लिहिलं होतं, की या ट्रेलरमध्ये पांढरी तार मायनस आणि काळी तार प्लस आहे. मोटारीत काळी म्हणजे मायनस, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. इथे उलट. आणि त्याखाली, की उलट जोडलीत तर कन्व्हर्टरवरचे दोन तीस अँपिअरचे फ्यूज क्षणात जळतील. मग तारा नीट जोडल्यात तरी दिवे बॅटरीवर लागत राहतील, तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे, पण बॅटरी पुन्हा भरणार नाही. शेवटी एक ओळ होती: '२००६ साली मी हे केलं. स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं. आधी फ्यूज बघा, मग बॅटरी विकत घ्या.'

मार्चमध्ये नवी बॅटरी कुणी बसवली, तर चिरंजीवांनी. मला चित्र स्पष्ट दिसलं. आणि दिसल्याबरोबर माझी जीभ टाळ्याला चिकटली.

हे कळायला मागे जावं लागेल. १९८९-९० साल. चिरंजीव आठवीत, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. इतिहास मी शिकवायचो. चाचणी परीक्षेत त्याने पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं साल लिहिलं, १६७१. सहा आणि सात यांची अदलाबदल, एवढंच. बाकी उत्तर चांगलं होतं. पण मास्तरांचा मुलगा म्हणून आपण पक्षपात करत नाही हे दाखवायची मला त्या काळी फार हौस. मी तो पेपर वर्गापुढे वाचला. म्हटलं, "शिवाजी महाराज हयात असताना यांनी पानिपत घडवलं!" वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो. वर्षभर पोरं त्याला 'सोळाशे एकाहत्तर' म्हणत होती. मैदानावर, पाण्याच्या टाकीपाशी, आमच्या खिडकीखाली सुद्धा.

त्याने घरी एक शब्द काढला नाही. पण त्यानंतर त्याने आपली चूक मला कधी दाखवली नाही. सायकल मोडली तर दुकानात परस्पर दुरुस्त. अकरावीत एका विषयात अडकला, ते मला निकालाच्या दिवशी दुसऱ्या मास्तरांकडून कळलं. हुशार निघाला, स्वतःच्या हिमतीवर शिकला, परदेशी गेला, मला दर रविवारी फोन करतो. पण 'बाबा, माझं हे चुकलं' हे वाक्य मी त्याच्या तोंडून तेव्हापासून ऐकलेलं नाही. मी कधी त्याबद्दल बोललोही नाही. काय बोलणार? मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा झाला की त्याला आठवीच्या पेपराबद्दल 'चुकलं' म्हणायचं, ते कसं?

तर आता मी, बायको-मुलीसमोर, परक्या मुलखात, त्याला सांगू की बॅटरी तू उलटी जोडलीस? पुन्हा तोच पेपर वाचून दाखवू? त्यापेक्षा एकशेतीस डॉलर गेले तर गेले, असं मला त्या दुकानात वाटलं. खरंच वाटलं.

नव्या बॅटरीवर आम्ही ब्लॅक हिल्समध्ये, कस्टर स्टेट पार्कला पोचलो. तिथे रानरेड्यांचा, म्हणजे बायसनांचा मोठा कळप आहे, हजाराच्या वर. रस्त्यात आडवे उभे राहतात आणि गाड्या मुकाट थांबतात, आपल्याकडे म्हशींसाठी थांबतात तशाच. नीडल्स हायवे नावाचा रस्ता तर इतका चिंचोळा, की एका बोगद्यातून जेमतेम आठ फुटांची गाडी जाते. ट्रेलर अर्थातच कॅम्पग्राउंडवर सोडून गेलो होतो, खांबाला जोडून.

त्या रात्री फर्नेस छान चालली. सगळे खूश. चिरंजीव म्हणाला, "बघा, बॅटरीच खराब होती." मी वहीत लिहिलं, १२.३. आधीच्या संध्याकाळी १२.६ होते. नात माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. याची मला अजून लाज वाटते. पोरीला मी मोजायला शिकवलं आणि मोजलेलं लपवायलाही.

गणित सोपं होतं. फर्नेसचा पंखा चालू असताना सातेक अँपिअर खातो. थंडीच्या रात्री नऊ तासांतला निम्मा वेळ चालला तरी तीस अँपिअर-तास गेले. बॅटरी ऐंशीची, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे एक रात्र बरी जाते, दुसरी कशीबशी, तिसऱ्या रात्री बोंब.

पण मला झोप लागली नाही ती त्या गणिताने नाही. फाइलमध्ये पुढे आणखी एक पान होतं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी एक बारीक तार असते, ती गाडीला अडकवलेली. चालत्या रस्त्यात ट्रेलर गाडीपासून सुटला तर ती तार एक खिळी उपसते, आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ते ब्रेक लागतात बॅटरीवर. बॅटरी रिकामी असेल तर सुटलेलं घर उतारावरून कुणाच्या अंगावर जाईल त्याच्या. त्या गृहस्थाने या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. आम्हाला परत जाताना सगळा घाटच उतरायचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाइल घेऊन बाहेर गेलो. चिरंजीव शेकोटीपाशी बसला होता. सूनबाई आणि नात नळावर भांडी घासायला गेल्या होत्या. ही आत.

मी म्हटलं, "अरे, हे पान जरा वाचून सांग ना मला. या माणसाचं इंग्रजी काही नीट लागत नाही."

त्याने फाइल घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, माझ्यासारखाच. मोठ्याने वाचायला लागला, मग मनात. मी लाकडं सारखी करत राहिलो. वाचून झाल्यावर त्याने पान उलटलं, पुन्हा परत आणलं. शेवटच्या ओळीपाशी 'हं' करून हसला. मग बराच वेळ काही नाही.

"बाबा," तो म्हणाला, "मार्चमध्ये ठिणगी उडाली होती."

मी काही बोललो नाही.

"काळी मायनसला लावली मी. ठिणगी उडाली म्हणून लगेच काढून उलट केली. दिवे लागले, म्हटलं काही झालं नाही. कुणाला बोललो नाही."

'मग तेव्हाच का नाही सांगितलंस' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पस्तीस वर्षं वर्गात तेच तर विचारत आलो. कसं कोण जाणे, ते आलं तसं परत गेलं. मी म्हटलं, "याने पण केलंय बघ. दोन हजार सहाला."

"हो, आणि लिहून ठेवलंय!"

मग आम्ही दोघं कामाला लागलो. कन्व्हर्टर जेवणाच्या बाकाखाली होता. तो पालथा पडून टॉर्च दातात धरून बघत होता, मी त्याचा चष्मा धरून उभा. आधी खांबावरची वायर काढली, मग बॅटरीची मायनसची तार सोडली. हे त्या फाइलमध्ये लिहिलंच होतं, पण मीही दोनदा बजावलं. दोन हिरवे, पारदर्शक प्लास्टिकचे फ्यूज शेजारी शेजारी. आतली पट्टी दोन्हीत तुटलेली, कडा काळवंडलेल्या. सहा महिने तिथे तशीच होती. कुणी वाकून बघितलं नव्हतं म्हणून.

सकाळी कस्टर गावात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात तसेच फ्यूज मिळाले. पाच डॉलरच्या आत. बसवले, तार जोडली, वायर खांबाला लावली. नातीने मीटरच्या काड्या बॅटरीवर टेकवल्या. १२.१ होता तो आकडा सरसर चढला आणि १३.६ वर थांबला. ती ओरडलीच. मग चिरंजीवांनी फर्नेस लावली. आत बारीक 'टक्' झालं, आणि भक् करून गॅस पेटला. हिने आतूनच विचारलं, "झालं का एकदाचं?"

ही सगळं ऐकत होती हे मला रात्री कळलं. झोपताना म्हणाली, "अहो, पाचवी-सहावीला इंग्रजी कोण शिकवत होतं हो शाळेत?" मी कूस बदलली. ती म्हणाली, "आणि हे नाटक दोन दिवस आधी केलं असतंत तर एकशेतीस डॉलर वाचले असते. तेवढ्यात माझं तिकडचं सगळं औषध आलं असतं." याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

परतीच्या वाटेवर चिरंजीवांनी सूनबाईला आणि मुलीला सगळं सांगितलं, ठिणगीसकट. गाडी चालवता चालवता, समोर बघत. नात म्हणाली, "बाबा, तू सिली आहेस." तो म्हणाला, "आहेच." मी मागच्या सीटवर खिडकीतून सूर्यफुलांची वाळलेली शेतं बघत होतो. पानिपतचा विषय काही मी काढला नाही. काढायला हवा होता असं मिसुरी ओलांडेपर्यंत वाटत होतं, मग डुलकी लागली.

घरी पोचल्यावर त्याने पहिली बॅटरी चार्जर लावून भरली आणि दुकानात तपासून आणली. इतक्या वेळा तळाला गेल्यामुळे तिची ताकद बरीच कमी झाली होती. म्हणजे ती शेवटी खरंच खराब झाली, पण आमच्यामुळे. नवी मात्र टिकून आहे. गेल्या वर्षी त्याने फ्रेमला जोडलेली गंजलेली तारही खरवडून, चकचकीत करून घेतली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मला दाखवत होता. "बाबा, इथे गंज होता, मी आधी दोन वर्षं बघितलाच नव्हता," असं आपणहून म्हणाला. मी म्हटलं, "मोजलंस का?" "मोजलं."

फाइलमध्ये त्या पानाखाली त्याने निघायच्या आदल्या दिवशी मला लिहायला सांगितलं. मी मराठीतच लिहिलं. '२०२३. पुन्हा तेच झालं. दोन फ्यूज बदलले.' त्याने शेजारी स्वतःची सही केली. पुढच्या मालकाला मराठी कुठून कळणार, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्या इन्व्हर्टरचं म्हणाल तर बॅटरी खरंच गेली होती. १५० अँपिअर-तासांची, आठ वर्षं झाली होती. इन्व्हर्टरवाल्याने मीटर लावला, मला दाखवला, आणि म्हणाला, "सर, मी म्हटलं नव्हतं?" मी त्याला चहा दिला.